‘आलं का’, ‘हाय का’, ‘भेटंल का’: वेगवेगळ्या शब्दांत आलेला एकच प्रश्न बॉटला कसा ओळखायला शिकवायचा

प्रश्न थोडक्यात असा. जालना आणि परभणी जिल्ह्यांत पाच-सहा कृषी सेवा केंद्रं चालवणाऱ्या एका व्यवसायाने व्हॉट्सॲपवर चॅटबॉट बसवला आणि त्यात चाळीस प्रश्न व त्यांची चाळीस उत्तरं भरली. ‘सोयाबीन बियाणे उपलब्ध आहे का?’ असं पुस्तकी विचारलं की उत्तर येतं. शेतकरी मात्र ‘३३५ हाय का’ (३३५ हा सोयाबीनचा वाण), ‘बॅगा कवा येनार’, ‘सोयाबीन भेटायलंय का दुकानात’ असं लिहितात आणि बॉट ‘क्षमस्व, मला समजले नाही’ म्हणत बसतो. आता प्रत्येक प्रश्नाची शंभर-शंभर रूपं लिहून काढावीत, की सरळ एखादं मोठं भाषा मॉडेल (चॅटजीपीटीसारखं) जोडून मोकळं व्हावं?

आधी यातलं काहीच नको. शंभर रूपं ऑफिसात बसून लिहिली तर ती एकाच माणसाच्या बोलीतली, एकाच ठेक्यातली होतात. त्यांत ‘कृपया सांगावे’ वीस वेळा येतं आणि ‘हाये का’ एकदाही येत नाही. मोठं मॉडेल जोडलं तर बॉट न समजल्याचं कबूल करायचा थांबतो आणि ठासून चुकीचं सांगायला लागतो. तुमची खरी अडचण त्या चाळीस प्रश्नांच्या मांडणीत आहे. कोणत्या संदेशांना एकच उत्तर जायला हवं, या वाटणीवर बहुतेक मेहनत घ्यावी लागते. मॉडेल निवडणं त्यामानाने एका दुपारचं काम आहे.

खरे संदेश गोळा करा

काउंटरवरच्या फोनवर गेल्या वर्षभरात आलेले संदेश काढा. खरीप आणि रब्बी दोन्ही हंगामांतले हवेत, कारण जूनमध्ये ‘बियाणं आलं का’ म्हणजे बहुधा सोयाबीन किंवा कपाशी, आणि ऑक्टोबरात तोच प्रश्न हरभऱ्याचा असतो. हजार-दीड हजार संदेश पुरे. फोन नंबर, नावं, आधार आणि सातबाऱ्याचे फोटो आधी काढून टाका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, शिवाय मॉडेलला त्यांचा काही उपयोग नाही. संदेश जसाच्या तसा ठेवायचा. शुद्धलेखन सुधारायचं नाही, ‘येनार’चं ‘येणार’ करायचं नाही. तक्त्यात एवढे रकाने करा: मूळ संदेश, हेतू (म्हणजे विचारणाऱ्याला नेमकं काय हवं आहे), पीक, वाण, शाखा, शेरा.

मग दोघांना वेगवेगळं बसवून तेच शंभर संदेश हेतूंमध्ये वाटायला द्या. यातला एक जण काउंटरवरचा विक्रेता असायलाच हवा. दोघांची वाटणी बऱ्याच ठिकाणी जुळली नाही तर हेतूंच्या व्याख्येत घोळ आहे असं समजा. जिथे माणसांचंच एकमत नाही, तिथे मॉडेल डोकं चालवून मार्ग काढील ही आशा सोडा.

हेतूची सीमा उत्तरावरून ठरवा

चाळीस प्रश्नांत ‘सोयाबीन बियाणे साठा’, ‘तूर बियाणे साठा’, ‘डीएपी साठा’ असे वेगळे कप्पे असणार, हे पैजेवर सांगता येईल. ते सगळे एकत्र करा. उत्तराचा साचा तोच राहून फक्त मालाचं नाव बदलत असेल, तर हेतू एक आणि मालाचं नाव हा त्यातला तपशील. साठा, पिशवीचा दर, मोंढ्यातला बाजारभाव, एकरी प्रमाण, दुकानाची वेळ-पत्ता, माल राखून ठेवणं, उधारी-बाकी, उगवण न झाल्याची तक्रार, शेतावर तज्ज्ञाची भेट, सरकारी योजना, रामराम-नमस्कार आणि विषयाबाहेरचं, एवढ्यात बहुतेक संदेश बसतात.

याउलट, शब्द तेच आणि उत्तर वेगळं असेल तर हेतू वेगळे. ‘सोयाबीनचा भाव काय’ हा संदेश घ्या. विचारणाऱ्याला पेरणीच्या पिशवीचा दर हवा असेल किंवा विकायच्या मालाचा आजचा मोंढ्यातला भाव. मे-जूनमध्ये पहिलं जास्त संभवतं, काढणीनंतर दुसरं, पण संदेशात ते कुठेच लिहिलेलं नसतं. यावर हजार वाक्यं शिकवली तरी मॉडेलला कळणार नाही, कारण माहितीच तिथे नाही. इथे बॉटने दोन बटणं दाखवायची: ‘बियाण्याचा दर’ आणि ‘मोंढ्यातला भाव’. व्हॉट्सॲपवर एका संदेशात अशी जास्तीत जास्त ३ बटणं देता येतात आणि बटणावरचा मजकूर २० अक्षरांत बसवावा लागतो. ती अक्षरं मोजताना काना, मात्रा, अनुस्वार वेगळे धरून मोजा, म्हणजे ऐन वेळी अडचण होत नाही.

उगवणीच्या तक्रारीला शब्दखेळ करत बसू नका. ‘उगवलंच नाही’, ‘बी फेल गेलं’, ‘निम्मं बी निघालं नाही’ यांतलं काहीही दिसलं की पिशवी, टॅग आणि पावती जपून ठेवायला सांगायचं आणि संभाषण लगेच माणसाकडे द्यायचं. बॉटने दुबार पेरणीचा सल्ला देणं म्हणजे भांडण विकत घेणं.

‘साठा’ या एका हेतूची शिकवण्याची वाक्यं कशी दिसतात

३३५ हाय का
सोयाबीन आली का दुकानात
फुले संगमच्या बॅगा कवा येनार
सोयाबीन भेटायलंय का
बी शिल्लक हाय का संपलं
परतूरच्या दुकानात ७२६ हाये का
अंबडला तुरीचं बियाणं मिळेल का साहेब
डीएपी आलाय म्हनं
युरिया
७११ दोन थैल्या ठेवा उद्या येतो

(७२६ म्हणजेच फुले संगम, हाही सोयाबीनचाच वाण; ७११ हा तुरीचा.) हे वाचताना तीन गोष्टी ध्यानात घ्या. ‘डीएपी आलाय म्हनं’ यात प्रश्नचिन्हही नाही आणि ‘का’ही नाही, तरी हा प्रश्नच आहे, शेवटचं ‘म्हनं’ ते काम करतं. नुसतं ‘युरिया’ हा एका शब्दाचा संदेशही खरा आहे आणि असे संदेश ढिगाने येतात. मात्र तो साठ्यात ढकलण्यापेक्षा ‘साठा, दर की प्रमाण?’ असं विचारलेलं बरं, म्हणून शिकवण्याच्या यादीतून तो काढा. शेवटचं वाक्य साठ्याचं दिसतं, पण ते माल राखून ठेवण्याचं आहे. तुमच्याकडे तशी सोय असेल तर ते तिकडच्या हेतूत हलवा. नसेल तर साठ्यातच राहू द्या आणि उत्तरात ‘माल राखून ठेवला जात नाही’ अशी ओळ घाला.

सुरुवातीला प्रत्येक हेतूला अशी २० ते ३० खरी वाक्यं पुरतात. एका हेतूला तीनशे आणि दुसऱ्याला आठ असं असेल तर मॉडेल अडलेलं सगळं तीनशेवाल्याच्या पदरात टाकतं. तीनशेतली एकमेकांची नक्कल असलेली काढून टाका. ‘सोयाबीन आहे का’, ‘तूर आहे का’, ‘हरभरा आहे का’ ही मॉडेलच्या दृष्टीने तीन वाक्यं नव्हेत, एकच आहे.

साफसफाई: इथे पाऊस पाडता पाडता ऊस उगवतो

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत सायकिट-लर्न (मॉडेल शिकवण्याची तयार साधनं) वापरून काम करणार असाल तर पहिला खड्डा इथेच आहे. तिथलं शब्द मोजणारं तयार साधन मुळात सलग दोन किंवा जास्त ‘अक्षरं’ मिळाली तरच शब्द धरतं, आणि काना, मात्रा, वेलांटी, उकार यांना ते अक्षर मानत नाही. त्यामुळे ‘सोयाबीन’चे स, य, ब, न असे सुटे तुकडे होतात आणि एकेक अक्षराचे म्हणून चारही फेकले जातात. ‘कापूस’ आणि ‘तूर’ यांचंही तेच, पूर्ण गायब. ‘हरभरा’चा ‘हरभर’ उरतो. ‘पाऊस’मधला ‘प’ गळतो आणि मागे राहतो ‘ऊस’! प्रोग्राम कुठेही त्रुटी दाखवत नाही, फक्त निकाल वाईट येतो आणि माणूस महिनाभर वाक्यं वाढवत बसतो. उपाय सोपा आहे: शब्द फक्त मोकळ्या जागेवर तोडायला सांगा, किंवा त्याहून बरं, शब्दांऐवजी शब्दाच्या आतले अक्षरांचे तुकडे मोजणारा पर्याय घ्या. त्यावर पुढे येतो.

दुसरा खड्डा ‘ऱ्य’चा. ‘शेतकऱ्यांना’, ‘हरभऱ्याचं’, ‘दुसऱ्या’ या शब्दांतला चंद्रकोरीसारखा र युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) दोन रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ आणि हलन्त असतो. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त आणि मागे न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. युनिकोडचं प्रमाण रूप करून घेतल्यावरही या दोन रीती एक होत नाहीत. त्यातून कोणी ‘न दिसणारी चिन्हं काढून टाका’ असा सरसकट नियम लावला की दुसऱ्या रीतीतला शब्द ‘हरभर्याचं’ होतो आणि तिसरंच रूप जन्माला येतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी र, हलन्त, जोडचिन्ह या त्रयीचा ऱ आणि हलन्त करा, मग उरलेली न दिसणारी चिन्हं काढा. ‘ॲप’मधल्या ॲचंही असंच आहे, एक अखंड अक्षर आणि एक अ वर चंद्र देऊन बनवलेलं. दोन्हींचं एक करा. देवनागरी आणि इंग्रजी आकडेही एकाच रूपात आणा.

‘का’, ‘नाही’, ‘नको’, ‘कधी’ हे बिनकामाचे शब्द म्हणून गाळायच्या तयार याद्या मिळतात. त्या वापरू नका. ‘आलं का’ आणि ‘आलं नाही’ यांतला फरक त्या शब्दांतच आहे. आकडेही गाळू नका, नाहीतर ‘३३५ हाय का’मधून ‘हाय का’ एवढंच उरेल.

मालाचा शब्दकोश

पीक, वाण आणि शाखा ओळखायला हाताने केलेला कोश लागतो. इथे मराठीचं सामान्यरूप आडवं येतं. ‘सोयाबीनचा’, ‘सोयाबीनला’ सोपं. पण तूरचं तुरीचं, कापूसचं कापसाचं, गहूचं गव्हाचं, मकाचं मक्याचं, ऊसचं उसाचं, बियाणंचं बियाण्याचं होतं. प्रत्येक पिकाला दोन नोंदी ठेवा: मूळ रूप आणि सामान्यरूप. सामान्यरूपाने सुरू होणारा शब्द सापडला की पीक सापडलं. त्याशिवाय ऱ्हस्व-दीर्घ एक मानून आणि ण-न एक मानून एक ‘जुळणीचं रूप’ बनवा, पण ते फक्त कोशात शोधण्यापुरतं वापरा. मॉडेलला मूळ वाक्यच द्या.

तयार मराठी कोशातून समानार्थी शब्द उचलले तर मराठवाड्यात हमखास फसाल. ‘आलं’ हे अद्रकाचं नाव म्हणून कोशात घातलं की ‘सोयाबीन आलं का’ या प्रत्येक संदेशात बॉटला अद्रक दिसू लागेल. आपल्याकडे शेतकरी अद्रकच म्हणतो, तेवढाच शब्द ठेवा. ‘सरकी’ हा कपाशीच्या बियाण्यासाठी येतो, पण ‘सरकी पेंड’ म्हणजे जनावरांची पेंड; म्हणून लांब नोंद आधी तपासायची आणि आखूड नंतर. ‘भेटणं’ आपल्याकडे मिळणं या अर्थाने सर्रास चालतं. तज्ज्ञाच्या शेतभेटीच्या हेतूत ‘भेट’ शब्द वारंवार असेल आणि साठ्याच्या हेतूत कधीच नसेल, तर ‘डीएपी कुठं भेटंल’ विचारणाऱ्याच्या शेतावर तज्ज्ञ पाठवायची तयारी बॉट करतो. ‘भेटंल’, ‘भेटायलंय’, ‘भेटतंय का’ असलेली सात-आठ वाक्यं साठ्यात घातली की हे बंद होतं.

आकड्यांच्या बाबतीत कडक राहा. स्पेलिंगमधला एका अक्षराचा फरक माफ करणारी जुळणी शब्दांना ठीक आहे, वाणांच्या आकड्यांना अजिबात नाही. एमएयूएस ७१ हे सोयाबीन आहे आणि बीडीएन ७११ ही तूर. एका आकड्याची सूट दिली की पीकच बदललं. बीडीएन ७११ आणि ७१६ या दोन्ही बदनापूर केंद्राच्या तुरी, पण वाण वेगळे. ‘१० २६ २६’ हे खत आहे, दहा पिशव्यांची मागणी नव्हे. अशी तीन आकड्यांची जुळवण संख्या ओळखण्याच्या आधी पकडायला हवी. आकडा तंतोतंत जुळला तरच वाण धरायचा, नाहीतर विचारायचं.

गावांच्या नावांत जुनं-नवं दोन्ही द्या: औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद आणि धाराशिव, अंबेजोगाई आणि अंबाजोगाई. आणि मंठ्यात तुमची शाखा असेल तर सैल जुळणी ‘मोंढ्यात भाव काय’ हा संदेश मंठा शाखेकडे नेते का, हे मुद्दाम तपासा. रोमन लिपीत लिहिलं की ही दोन नावं आणखी जवळ येतात.

मॉडेल कोणतं

बारा-पंधरा हेतू आणि हजारभर वाक्यं एवढ्या कामाला पहिलं मॉडेल साधंच घ्या: शब्दाच्या आतल्या अक्षरतुकड्यांवर टीएफ-आयडीएफ (कोणता तुकडा किती महत्त्वाचा याचं वजन) आणि त्यावर लॉजिस्टिक रिग्रेशन (त्या वजनांवरून हेतू ठरवणारी साधी सांख्यिकी रीत). तुकड्याची लांबी २ ते ५ ठेवा. संगणक मात्रा वेगळी मोजतो, म्हणून इंग्रजीपेक्षा थोडे लांब तुकडे लागतात. साध्या लॅपटॉपवर हे काही सेकंदांत शिकून होतं. ‘येणार’, ‘येनार’, ‘येनारे’ यांचे बरेच तुकडे सामाईक असल्यामुळे बोली आणि शुद्धलेखनाची बरीचशी अडचण इथेच निकालात निघते. याची मर्यादा अशी की ज्यात शब्दच सगळे वेगळे आहेत तिथे ते आंधळं होतं. ‘माल शिल्लक’ शिकवलं नसेल तर ‘गोडाऊनात काय पडलंय’ त्याला परकं.

त्यासाठी दुसरा थर अर्थावर चालणारा. वाक्याचं आकड्यांच्या मालिकेत रूपांतर करणारी मॉडेलं मराठीसाठी उपलब्ध आहेत: गूगलचं १०९ भाषांचं लाबसे, पुण्याच्या एल-थ्री-क्यूबची खास मराठीची वाक्यमॉडेलं, आणि बहुभाषिक ई-फाइव्ह. नवा संदेश शिकवलेल्या प्रत्येक वाक्याशी ताडून पाहायचा, सर्वांत जवळची पाच वाक्यं घ्यायची आणि त्यांचं मत मोजायचं. एका हेतूच्या सगळ्या वाक्यांची सरासरी काढून तिच्याशी तुलना करू नका. ‘३३५ हाय का’ आणि ‘बॅगा कवा येनार’ यांची सरासरी दोघांपैकी एकासारखीही नसते. लाबसेमध्ये एक वाक्य म्हणजे ७६८ आकडे, तेव्हा हजार वाक्यांना सुमारे ३ एमबी जागा लागते. यासाठी वेगळा व्हेक्टर डेटाबेस (अशा आकड्यांच्या मालिका साठवायचं खास सॉफ्टवेअर) विकायला कोणी आलं तर चहा पाजून परत पाठवा. ई-फाइव्ह घेतलंत तर प्रत्येक वाक्याआधी ‘क्वेरी’ ही खूण इंग्रजीत लावावी लागते, ती विसरली की निकाल घसरतात. आणि त्याचे साम्याचे आकडे बहुधा ०.७ ते १ याच पट्ट्यात दाटलेले असतात, म्हणून ०.८ दिसलं की ‘पक्कं जुळलं’ असं समजू नका.

अर्थावर चालणाऱ्या मॉडेलांची एक खोड माहीत असू द्या: नकार त्यांना नीट कळत नाही. ‘बियाणं उगवलं’ आणि ‘बियाणं उगवलं नाही’ त्यांच्या लेखी शेजारी शेजारी. म्हणून तक्रारीच्या हेतूवर पहिल्या थराचा आणि हाताने लिहिलेल्या नियमाचा शब्द शेवटचा ठेवा.

रोमन लिपीतलं मराठी हा मोठा वाटा असतो आणि त्याला एकच एक स्पेलिंग नसतं. ‘बियाणे’च्या शेवटी कोणी ए लावतं, कोणी ई, मधला वाय कोणी गाळतं. दोन वाटा आहेत. एआय-फॉर-भारतचं इंडिक-एक्सलिट वापरून आधी देवनागरी करून घ्यायचं, किंवा रोमन वाक्यं तशीच शिकवायच्या यादीत घालायची. पहिल्या थरासाठी दुसरी वाट पुरते, दुसऱ्या थरासाठी देवनागरी करून घेणं बरं. लिप्यंतर करण्याआधी डीएपी, एमएयूएस असली आद्याक्षरं बाजूला काढून ठेवा, नाहीतर त्यांचं काहीतरी भलतंच वाचलं जातं.

किती खात्री असली की बोलायचं

इथे दोन आकडे लागतात: पहिल्या क्रमांकाच्या हेतूचा गुण किती, आणि पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर किती. दोन्हींना एक किमान सीमा ठरवायची, तिच्या खाली बॉटने स्वतः उत्तर द्यायचं नाही. रासा (चॅटबॉट बनवायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर सुरुवातीच्या मांडणीत त्या सीमा ०.३ आणि ०.१ असतात. त्या तशाच ठेवायच्या नसतात. न शिकवलेले दोनशे संदेश घ्या, गुणाची सीमा ०.३, ०.४, ०.५ अशी वर सरकवत जा आणि प्रत्येक वेळी दोन गोष्टी मोजा: किती संदेशांना चुकीचं उत्तर गेलं आणि किती संदेश ‘समजलं नाही’त पडले. पहिला आकडा कमी होताना दुसरा वाढणार, तो व्यवहार तुम्ही ठरवायचा.

सगळ्या हेतूंना एकच सीमा लावणं मला पटत नाही. दुकानाची वेळ चुकून सांगितली तर फार काही बिघडत नाही. एकरी प्रमाण चुकलं तर पीक बिघडतं. प्रमाणाला सीमा उंच, वेळ-पत्त्याला खाली. आणि सीमेच्या खालच्या संदेशाला ‘क्षमस्व, मला समजले नाही’ हे उत्तर देऊ नका. पहिल्या दोन हेतूंची बटणं आणि तिसरं ‘माणसाशी बोला’ एवढं दाखवा. शेतकऱ्याने जे बटण दाबलं ते त्या संदेशाचं खरं उत्तर, ते नोंदवून ठेवा. शिकवायला याहून चांगली वाक्यं मिळत नाहीत.

एक संदेश म्हणजे एक प्रश्न नव्हे

‘राम राम’. मग ‘सोयाबीन’. मग ‘हाय का’. हे तीन संदेश चार सेकंदांत येतात आणि बॉट तिघांना तीन उत्तरं देतो. संदेश आल्यावर ५ ते ८ सेकंद थांबा, त्या वेळात आलेलं सगळं जोडा, मग ओळखायला द्या. याउलट ‘३३५ आलं का अन् भाव काय एकरी किती टाकावं’ यात तीन प्रश्न आहेत. ‘अन्’, ‘आन्’, ‘आणि’, प्रश्नचिन्ह, नवी ओळ यांवर तोडा. तरी बोलून टाइप केलेल्या संदेशात यातलं काहीच नसतं, तिथे गुणांत दोन हेतू वर दिसले तर दोन्हींची उत्तरं द्या. ‘आन् तुरीचं?’ असा नुसता पिकाचा संदेश आला तर आधीचाच हेतू चालू धरा, पण दहाएक मिनिटांपुरता. दुसऱ्या दिवशी तो शेतकरी नवाच प्रश्न घेऊन आलेला असतो.

मोठ्या भाषा मॉडेलला कुठे बसवायचं

दोन कामं त्याला बिनधास्त द्या. सीमेच्या खाली पडलेला संदेश त्याला द्यायचा, सोबत हेतूंची यादी आणि प्रत्येकाची एका ओळीची व्याख्या द्यायची, आणि यादीतलं एक नाव किंवा ‘माहीत नाही’ एवढंच मागायचं. दुसरं, ज्या हेतूला खरी वाक्यं कमी आहेत त्याची जास्तीची रूपं बनवून घ्यायची. ती बहुतेक पुणेरी छापील मराठीत येतील. विक्रेत्याला वाचून दाखवा, ‘असं कोणी बोलत नाही’ म्हणाला ती खोडा, उरलेल्यांवर ‘कृत्रिम’ अशी खूण ठेवा आणि चाचणीच्या संचात (मॉडेल तपासायला वेगळ्या ठेवलेल्या संदेशांत) त्यातलं एकही जाऊ देऊ नका.

उत्तर मात्र त्याला लिहू देऊ नका. साठा आणि दर बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून, प्रमाण ठरलेल्या तक्त्यातून, कीटकनाशकाची मात्रा लेबलवरून. कारण साधं आहे: सोयाबीनची नेहमीची शिफारस हेक्टरी ७५ किलो, म्हणजे एकरी ३० किलो. मॉडेलने हेक्टर-एकर यांत गल्लत करून ‘एकरी ७५’ म्हटलं तर वाक्य ऐकायला अगदी अस्खलित असतं आणि शेतकरी अडीचपट बियाणं घेऊन जातो.

तपासणी आणि पुढची निगा

चाचणीचे संदेश वेगळे काढताना एका नंबरवरून आलेले सगळे एकाच बाजूला ठेवा. तोच शेतकरी तीच वाक्यं दोन्हीकडे पडली तर निकाल फुगतो. साफसफाईनंतर एकसारखे झालेले संदेश विभागणीच्या आधीच काढा. एकूण टक्केवारीकडे फार पाहू नका. कोणता हेतू कोणात मिसळतोय त्याचा तक्ता काढा आणि सर्वांत मोठ्या तीन गोंधळांचे संदेश एकेक करून वाचा. साधारण याच गोष्टी निघतात: वाटणी करताना माणसाची चूक, दोन हेतू मुळातच एकमेकांवर चढलेले, कोशात नसलेला शब्द, किंवा खरोखर न शिकवलेली रीत. फक्त शेवटच्याला नवी वाक्यं लागतात. बाकीच्यांना वाक्यं वाढवून काही होत नाही.

विषयाबाहेरचे संदेशही शिकवा. ‘पीएम किसानचा हप्ता कवा येनार’ आणि ‘बॅगा कवा येनार’ यांत निम्मी अक्षरं सारखी आहेत. योजना, पीकविमा, सुप्रभातचे संदेश यांची खरी वाक्यं वेगळ्या हेतूत नसतील तर हप्त्याची विचारणा करणाऱ्याला बॉट सोयाबीनच्या पिशव्या दाखवेल.

दर आठवड्याला ‘समजलं नाही’त पडलेले पन्नास आणि खात्रीने उत्तर दिलेले वीस संदेश पाहा. वीस अशासाठी की आत्मविश्वासाने दिलेली चूक पहिल्या ढिगात कधी दिसतच नाही. मे महिन्याच्या सुरुवातीला आणि सप्टेंबरअखेरीस कोशात त्या हंगामाचे नवे वाण घाला, विक्रीतून गेलेले काढू नका, त्यांवर ‘सध्या नाही’ अशी खूण करा, कारण शेतकरी दोन वर्षं जुनं नाव विचारतच राहतो. प्रत्येक बदलानंतर तोच जुना चाचणी संच पुन्हा चालवा आणि काल बरोबर येणारं आज चुकलं का ते पाहा; नवी वाक्यं घातल्यावर असं होतंच. चाचणी संचात दर हंगामात पन्नासेक ताजे संदेश घाला, आणि जे संदेश त्यात गेले ते शिकवायच्या यादीत पुन्हा येणार नाहीत याची जबाबदारी एकाच माणसावर ठेवा.